हँडलोडिंग सुरू करताय? आधी बुलेट ठरवा, पावडर त्यानंतर

शिकारीच्या रायफलसाठी स्वतः काडतुसं भरायला शिकणारा नवीन माणूस बहुतेक वेळा पहिल्यांदा हेच विचारतो की कुठली पावडर घेऊ, आणि लगेच दुसरा प्रश्न असतो की स्पीड किती मिळेल. मला वाटतं हे दोन्ही प्रश्न बरोबर आहेत पण त्यांची जागा चुकलीये. प्राण्याला जाऊन लागते ती बुलेट, पावडर नाही. त्यामुळे सुरुवात प्राण्यापासून करायची, त्यावरून बुलेट ठरवायची, बुलेटवरून पावडर ठरते, आणि स्पीड जो मिळेल तो शेवटी मोजायचा. हा क्रम पाळला की निम्मा गोंधळ आपोआप मिटतो आणि पैसेही वाचतात, कारण शेल्फवर तीन-चार अर्धवट पावडरचे डबे पडून राहत नाहीत.

पुढे जायच्या आधी एक गोष्ट. रायफलचं लायसन्स, घरी काडतुसं भरायची परवानगी, पावडर किती साठवता येते, शिकार कुठल्या प्राण्याची आणि कधी चालते, हे सगळं देशादेशात वेगळं आहे आणि काही ठिकाणी यातलं काहीच चालत नाही. हे कायदेशीरपणे करता येत असेल तरच पुढचं वाचून उपयोग. दुसरं म्हणजे या लेखात मी पावडरचं एकही वजन दिलेलं नाही आणि ते मुद्दाम. चार्ज, म्हणजे एका काडतुसात घालायची पावडर, किती टाकायचा हा आकडा फक्त पावडर कंपनीच्या किंवा बुलेट कंपनीच्या छापील मॅन्युअलमधून घ्यायचा, किंवा त्यांच्या स्वतःच्या अधिकृत डेटामधून. कुणी मित्राने सांगितला, कुठे वाचला, कुणाच्या वहीत सापडला, असला आकडा वापरायचा नाही. दोन वेगवेगळी मॅन्युअल्स जवळ ठेवा म्हणजे एकाचा आकडा दुसऱ्याशी ताडून बघता येतो.

पहिली पायरी: प्राणी कुठला आणि अंतर किती

कागद घ्या आणि लिहा. कुठला प्राणी, अंदाजे वजन किती, जास्तीत जास्त किती अंतरावरून मी गोळी चालवणार, आणि जंगल दाट आहे की मोकळं मैदान. अंतराच्या बाबतीत स्वतःशी प्रामाणिक राहा. दाट झाडीत जिथे शंभर यार्डाच्या पुढचं दिसतच नाही तिथे लांब पल्ल्याच्या निमुळत्या बुलेटचा काही फायदा नाही, उलट जवळून जास्त स्पीडने लागल्यावर ती फार लवकर फुटते आणि मांसाचा चिखल होतो.

कायद्याचा भागही इथेच बघून घ्या कारण काही देशांत कमीत कमी कॅलिबर आणि एनर्जी ठरवून दिलेली आहे. उदाहरणार्थ जर्मनीत छोट्या रो हरणासाठी १०० मीटरवर कमीत कमी १००० जूल लागतात आणि बाकीच्या खुरवाल्या मोठ्या प्राण्यांसाठी ६.५ मिलिमीटर कॅलिबर आणि २००० जूल. काही ठिकाणी शिशाच्या बुलेटवर बंदी आहे, कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून सगळ्या शिकारीसाठी, आणि डेन्मार्कमध्ये १ एप्रिल २०२४ पासून. कारण साधं आहे, शिशाची बुलेट फुटली की बारीक कण मांसात आणि आतड्यात पसरतात, मग ते उरलेलं गिधाडं आणि गरुड खातात आणि त्यांना विषबाधा होते. बंदी नसली तरी ज्यांच्या घरात लहान मुलं शिकारीचं मांस खातात त्यांनी याचा जरूर विचार करावा असं मला मनापासून वाटतं.

दुसरी पायरी: बुलेटची बांधणी

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे त्यामुळे इथे जरा वेळ घालवूया.

शिकारीच्या बुलेटला दोन कामं एकाच वेळी करायची असतात. आत शिरल्यावर फुलायचं, म्हणजे पुढचा भाग पसरून जखम रुंद करायची, आणि तरीही इतकं वजन शिल्लक ठेवायचं की ती हृदय-फुप्फुसापर्यंत पोचेल, शक्य असेल तर पलीकडून बाहेर पडेल. ही दोन कामं एकमेकांच्या विरोधात आहेत. जास्त फुलली की लवकर थांबते, कमी फुलली की आरपार जाते पण जखम बारीक राहते आणि जनावर लांब पळून तडफडत मरतं, ते कुणालाच नको असतं.

साधी जुनी बांधणी म्हणजे आत शिसं आणि बाहेर तांब्याच्या मिश्रधातूचं आवरण, ज्याला कप अँड कोअर म्हणतात. सिएरा गेमकिंग, हॉर्नडी इंटरलॉक अशा. स्वस्त, बहुतेक रायफलमध्ये अचूक, आणि मध्यम स्पीडला हरणासारख्या प्राण्यावर उत्तम काम करतात. माझं स्पष्ट मत आहे की साधं हरीण आणि साधं कॅलिबर असेल तर नवीन माणसाने इथूनच सुरुवात करावी. अडचण येते ती मॅग्नम काडतुसाच्या (जास्त पावडर मावणाऱ्या, जोरदार काडतुसाच्या) स्पीडला आणि जवळच्या अंतरावर, तेव्हा खांद्याच्या हाडावर आवरण आणि शिसं वेगळं होऊ शकतं आणि बुलेट वरच्यावर फुटते.

हीच अडचण १९४६ मध्ये जॉन नॉस्लर यांना मूसच्या (मोठ्या जातीच्या हरणाच्या) शिकारीत आली, बुलेट चिखलाने माखलेल्या जाड कातडीवर फुटायच्या आणि आत पोचायच्या नाहीत. त्यावर त्यांनी मध्ये धातूची भिंत असलेली पार्टिशन बुलेट काढली, पुढचा भाग फुलतो आणि भिंतीमागचा भाग शाबूत राहून आत शिरत जातो. १९४८ पासून ती विकली जाते आणि आजही मोठ्या प्राण्यांसाठी लोक ती डोळे झाकून घेतात. त्यानंतर बाँडेड बुलेट आल्या ज्यात शिसं आवरणाला पक्कं चिकटवलेलं असतं, नॉस्लर अ‍ॅक्युबाँड, नॉर्मा ओरिक्स, स्विफ्ट ए-फ्रेम (हिच्यात भिंतही आहे आणि बाँडिंगही). आणि तिसरा प्रकार म्हणजे अख्खी तांब्याची किंवा तांब्याच्या मिश्रधातूची बुलेट, ज्याची सुरुवात १९८९ च्या बार्न्स एक्सने गाजली. पुढे पोकळी असते, ती पाकळ्यांसारखी उघडते आणि बहुतेक वेळा जवळजवळ सगळं वजन टिकून राहतं.

मग कुठली घ्यायची? छोटं-मध्यम हरीण आणि मध्यम स्पीड, तर कप अँड कोअर. रानडुक्कर, एल्क, मूस किंवा तिरक्या कोनातून हाड मधे येण्याची शक्यता, तर बाँडेड, पार्टिशन किंवा तांबं. मॅग्नम काडतूस असेल तर प्राणी छोटा असला तरी मजबूत बुलेट घ्या. आणि टार्गेटसाठी बनवलेल्या मॅच बुलेट शिकारीला वापरायच्या नाहीत, त्या कितीही अचूक असोत. त्या कागदाला भोक पाडायला बनवलेल्या असतात, कधी सुईसारख्या आरपार जातात तर कधी वरच्यावर तुकडे होतात, भरवसा नाही. कंपनीने स्वतः पाकिटावर शिकारीसाठी म्हटलं असेल तरच विचार करा.

आता एक गोष्ट जी नवीन लोक हमखास विसरतात, ती म्हणजे लागतानाचा स्पीड. प्रत्येक शिकारी बुलेटची एक खालची हद्द असते, त्याच्या खाली ती नीट फुलत नाही. बऱ्याच बुलेटसाठी ती १८०० फूट प्रति सेकंदाच्या आसपास धरतात, काही तांब्याच्या बुलेटना २००० च्या जवळपास लागतो, तर लांब पल्ल्याच्या काही बुलेट त्याहून कमीला उघडतात. नेमका आकडा कंपनीकडून बघून घ्या. समजा .३०-०६ या काडतुसातून १८० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं एकक) निमुळती बुलेट २७०० ने निघाली तर ३०० यार्डांवर ती साधारण २१०० च्या आसपास येते, म्हणजे अजून ठीक आहे, पण तीच बुलेट बोथट नाकाची असेल तर बरीच लवकर मंदावते. हे गणित करून बघितलं की कळतं तुमची खरी हद्द किती, आणि तिच्या पलीकडे गोळी चालवायची नाही, बस.

तिसरी पायरी: वजन आणि ट्विस्ट

बुलेटचं वजन ग्रेनमध्ये मोजतात, एक ग्राम म्हणजे सुमारे १५.४ ग्रेन. डिजिटल स्केल चुकून ग्राममध्ये राहिला तर काय होईल याचा विचार करा आणि दर वेळी सुरू करताना एकक तपासा आणि चेक वेट, म्हणजे नेमकं माहीत असलेलं वजन, ठेवून बघा.

त्याच कॅलिबरमध्ये जड बुलेट लांब असते, तिची सेक्शनल डेन्सिटी जास्त असते, म्हणजे व्यासाच्या मानाने वजन जास्त, आणि बांधणी सारखी असेल तर ती जास्त खोल जाते. .३०८ व्यासात १५० ग्रेनची ०.२२६, १६५ ची ०.२४८, १८० ची ०.२७१. ६.५ मिलिमीटरमध्ये १४० ग्रेनची ०.२८७, म्हणूनच तर इतक्या छोट्या कॅलिबरने उत्तर युरोपात पिढ्यानपिढ्या मूस मारले जातात. पण हा आकडा फक्त तुलनेसाठी, कारण त्यात बांधणीचा काहीच हिशोब नाही. तांब्याची बुलेट वजन गमावत नाही त्यामुळे एक पायरी हलकी घेतली तरी चालते, १८० च्या जागी १६५ किंवा १५०, आणि तिला थोडा जास्त स्पीडही आवडतो.

ट्विस्ट म्हणजे बॅरलमधले पीळ किती इंचात एक पूर्ण फेरी घेतात. १:१० म्हणजे दहा इंचात एक फेरी. बुलेट जितकी लांब तितका जलद पीळ लागतो. लक्षात घ्या, वजन नाही, लांबी. तांबं शिशापेक्षा हलकं असल्यामुळे त्याच वजनाची तांब्याची बुलेट जास्त लांब असते आणि म्हणून जुन्या हळू पिळाच्या रायफलमध्ये शिशाची १०० ग्रेन छान चालते पण तांब्याची १०० ग्रेन टार्गेटवर आडवी लागते. .२४३ मध्ये १:१० चा पीळ असेल तर हे जरूर तपासा. .३०-०६ ला बहुतेक १:१० असतो आणि त्यात २२० ग्रेनपर्यंत सगळं चालतं त्यामुळे तिथे फारशी चिंता नाही. ६.५ क्रीडमूर आणि ६.५×५५ ला पीळ मुळातच जलद असतो, १:८ च्या आसपास. .२२३ मध्ये मात्र १:१२ पासून १:७ पर्यंत सगळं सापडतं, तेव्हा बॅरलवर काय कोरलंय ते वाचा, नसेल तर क्लीनिंग रॉडला घट्ट पॅच लावून आत ढकला आणि रॉड एक फेरी फिरायला किती इंच लागले ते मोजा.

लिव्हर अ‍ॅक्शन रायफल, जिच्या नळीसारख्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक ओळीत बसतात, तिच्यात टोकदार बुलेट कधीही नाही. मागच्या बुलेटचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (बुडातल्या, ठिणगी देणाऱ्या टोपीवर) टेकतं आणि रिकॉइलच्या धक्क्याने मॅगझिनमध्येच ते पेटू शकतं. .३०-३० साठी सपाट नाकाची बुलेट घ्या, किंवा खास अशा रायफलसाठी बनवलेली मऊ रबरी टोकाची.

चौथी पायरी: पावडर

बुलेट ठरली. आता पावडर निवडणं खरंच सोपं झालं, कारण मॅन्युअलमध्ये तुमचं काडतूस आणि तुमची बुलेट उघडली की समोर आठ-दहा पावडरची यादीच असते.

पण आधी थोडं कळून घ्या की पावडर करते काय. धूरविरहित पावडर ही बंद जागेत फार वेगाने जळते, त्यातून गॅस होतो आणि तो बुलेटला ढकलतो. ती किती वेगाने जळते याला बर्न रेट म्हणतात. दाण्याचा आकार, आकारमान आणि वर लावलेला जळणं मंद करणारा थर यावर तो ठरतो. जलद पावडर लगेच सगळा गॅस सोडते, प्रेशर चटकन वर जातं. मंद पावडर हळूहळू सोडत जाते, बुलेट बॅरलमधून पुढे सरकत असताना मागून ढकलत राहते. केसमध्ये (काडतुसाच्या धातूच्या नळीत) जागा मोठी, बॅरलचं भोक त्या मानाने छोटं आणि बुलेट जड, तर मंद पावडर. जागा छोटी आणि बुलेट हलकी, तर जलद. चूल फुंकताना वाळलेली काटकी आणि जाड ओंडका यात जो फरक दिसतो तोच इथे आहे.

म्हणून .२२३ मध्ये एच३३५ किंवा बेंचमार्क अशा जलद बाजूच्या रायफल पावडर दिसतात, .३०८ मध्ये वारगेट, आयएमआर ४०६४, रीलोडर १५, व्हिटाव्हुओरी एन१४०. .३०-०६ आणि ६.५ क्रीडमूरला ४३५० घराणं. .२७० ला ४३५० आणि ४८३१. मग ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम आणि .३०० विंचेस्टर मॅग्नमला ४८३१, आयएमआर ७८२८, एच१०००, रीलोडर २२ अशा मंद पावडर. ही नावं फक्त दिशा दाखवायला सांगतोय, तुमच्या बुलेटसाठी ती चालते का हे मॅन्युअलच सांगेल. बर्न रेटचा तक्ता मिळतो तो फक्त पावडर कुठे बसते ते समजायला आहे, त्यावरून चार्जचा अंदाज बांधायचा नसतो, तक्त्यात दोन पावडर शेजारी शेजारी असल्या तरी त्यांचे चार्ज वेगळे असतात.

आता नावांचा घोळ, आणि इथे कृपा करून डोळ्यात तेल घालून वाचा. एच४३५० (एच म्हणजे हॉजडन कंपनीची) आणि आयएमआर ४३५० या दोन वेगळ्या पावडर आहेत. एच४८३१ आणि आयएमआर ४८३१ सुद्धा वेगळ्या, आणि आयएमआरची जास्त जलद आहे, म्हणजे एच४८३१ चा मॅक्झिमम चार्ज आयएमआर ४८३१ ने भरला तर प्रेशर धोक्याच्या वर जाऊ शकतं. याला इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रूस हॉजडन यांनी सरकारी शिल्लक लष्करी पावडर विकायला घेतली आणि तेच नंबर पुढे चालू राहिले, वेगवेगळ्या कारखान्यांत बनत राहिले. २००३ मध्ये हॉजडन कंपनीने आयएमआरचा पावडर व्यवसाय घेतला तरी पावडर वेगळ्याच राहिल्या. त्यामुळे डब्यावरचं नाव अक्षर अन् अक्षर मॅन्युअलशी जुळलं पाहिजे, पुढची अक्षरं पण आणि मागची पण. उलट काही वेळा वेगळ्या नावाची पावडर तीच असते, ऑस्ट्रेलियात एआर२२०८ म्हणून विकली जाते तीच वारगेट, आणि एआर२२०९ तीच एच४३५०, पण असं समीकरण कंपनीने स्वतः सांगितलं असेल तरच धरायचं.

यादीतून एक कशी निवडायची? मी चार गोष्टी बघतो. केस किती भरते ही पहिली. जी पावडर केस जवळजवळ पूर्ण भरते, ९० ते १०० टक्के, ती मला आवडते, कारण दर वेळी दाणे प्रायमरसमोर सारखेच राहतात, स्पीड एकसारखा मिळतो, आणि दोनदा पावडर ओतली गेली तर ती केसबाहेर सांडते म्हणजे चूक लगेच दिसते. दुसरं तापमान. काही पावडर उन्हाळ्यात आणि कडाक्याच्या थंडीत बऱ्याच वेगळ्या वागतात, गारठ्यात बसवलेला लोड, म्हणजे बुलेट-पावडरची ठरवलेली जोडणी, उन्हात तापला की प्रेशर वाढतं. हॉजडनच्या एक्स्ट्रीम मालिकेतल्या एच४३५०, वारगेट, एच१००० अशा पावडर यात स्थिर मानल्या जातात आणि ज्याची शिकार दोन टोकांच्या हवामानात होते त्याने तिकडेच जावं. काडतुसं गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका, पावडर कुठलीही असो.

तिसरं, मेजरमधून (पावडर मोजून टाकणाऱ्या यंत्रातून) कशी पडते. बॉल पावडर, म्हणजे बारीक गोल दाण्याची, पाण्यासारखी वाहते आणि प्रत्येक चार्ज सारखा पडतो. लांब काड्यांची पावडर मेजरमध्ये अडकते, कापली जाते, मग प्रत्येक चार्ज थोडा कमी टाकून ट्रिकलरने थेंब थेंब वाढवून तोलावा लागतो. शिकारीसाठी वीस-तीसच काडतुसं भरायची असतात तेव्हा तोलून भरण्यात काही त्रास नाही, त्यामुळे याला मी फार महत्त्व देत नाही. चौथं, मिळते का. ज्या पावडरची सगळीकडे वाहवा होते पण वर्षात एकदाच दुकानात येते तिच्या मागे लागण्यापेक्षा मॅन्युअलमधली तिसऱ्या नंबरची, कायम मिळणारी पावडर घ्या आणि एकाच लॉटचे, म्हणजे एकाच वेळी बनलेले, दोन डबे घ्या.

आणि एक गैरसमज दूर करतो. बॅरल आखूड आहे म्हणून जलद पावडर घ्यावी असं खूप जण सांगतात. साधारणपणे तसं नसतं. लांब बॅरलमध्ये जी पावडर जास्त स्पीड देते तीच आखूडमध्येही जास्त देते, कारण बहुतेक पावडर पहिल्या काही इंचातच जळून जाते. आखूड बॅरलला आवाज आणि ज्वाळा मात्र जास्त.

पाचवी पायरी: तुमची रायफल कितपत सोसते

एकाच काडतुसाचा डेटा सगळ्या रायफलना सारखा नसतो. .४५-७० हे १८७३ चं काडतूस आहे आणि बऱ्याच मॅन्युअलमध्ये त्याचे तीन वेगळे भाग असतात, जुन्या ट्रॅपडोर रायफलसाठी, लिव्हर अ‍ॅक्शनसाठी, आणि आधुनिक मजबूत रायफलसाठी. तिसऱ्या भागातला लोड पहिल्या रायफलमध्ये टाकला तर ती फुटू शकते. तसंच ६.५×५५ चं, अमेरिकन मानक संस्था सामीने त्याला ५१,००० पीएसआय प्रेशरची मर्यादा ठेवलीय कारण शंभर वर्षं जुन्या रायफल अजून वापरात आहेत, तर जवळपास तेवढ्याच ६.५ क्रीडमूरला ६२,००० आहे. जुनी वारसाहक्काने आलेली रायफल असेल तर आधी गनस्मिथला दाखवा, मग पुढचं.

सहावी पायरी: खालून सुरुवात आणि हळूहळू वर

मॅन्युअलमध्ये स्टार्ट आणि मॅक्झिमम असे दोन आकडे असतात. स्टार्टपासूनच सुरू करायचं. एकच आकडा दिला असेल तर तो मॅक्झिमम समजून १० टक्के खालून. .३०-०६ एवढ्या केसमध्ये अर्ध्या ग्रेनच्या टप्प्याने, छोट्या केसमध्ये त्याहून कमी टप्प्याने वर जायचं, प्रत्येक टप्प्याची तीन काडतुसं, आणि प्रत्येक गोळीनंतर केस हातात घेऊन बघायची.

काय बघायचं? बोल्ट उचलायला जड जातोय का, केस ओढायला चिकटतीये का, केसच्या बुडावर इजेक्टरच्या भोकाची चकचकीत गोल खूण उमटलीये का, प्रायमरच्या कडा पूर्ण सपाट झाल्यात का, फायरिंग पिनच्या खुणेभोवती कड उठलीये का, प्रायमरच्या बाजूने काळा धूर निघालाय का, प्रायमरचा खड्डा सैल झालाय का. यातलं काहीही दिसलं की तिथेच थांबायचं आणि उरलेली वरची काडतुसं मारायची नाहीत, घरी नेऊन बुलेट काढून टाकायच्या. पण उलटं खरं नाही. खुणा दिसत नाहीत म्हणजे प्रेशर ठीक आहे असं मुळीच नाही, बऱ्याच रायफलमध्ये प्रेशर मर्यादेच्या बरंच वर गेल्यावरच खुणा दिसतात. म्हणून मॅन्युअलचा मॅक्झिमम हीच भिंत, खुणा असोत नसोत.

इथे क्रोनोग्राफ, म्हणजे बुलेटचा स्पीड मोजणारं यंत्र, फार कामाला येतो आणि माझ्या मते तो चैनीची वस्तू नाही. समजा मॅन्युअलने २४ इंची बॅरलमध्ये मॅक्झिममला एक स्पीड दिलाय आणि तुम्हाला २२ इंची बॅरलमध्ये त्याच्या दोन टप्पे आधीच तो स्पीड मिळाला, तर तुमचं प्रेशर पण तिथे पोचलंय. फुकट स्पीड मिळत नाही, तो प्रेशरमधूनच येतो. तिथेच थांबा.

खूप खाली जाणंही धोक्याचं आहे हे कमी लोकांना माहीत असतं. मंद पावडर केसमध्ये अर्ध्यापेक्षा कमी भरून "हलका लोड" बनवायचा प्रयत्न करू नका, अशा वेळी ती विचित्र जळून अचानक प्रचंड प्रेशर तयार झाल्याच्या घटना आहेत. लहान मुलासाठी किंवा खांदा दुखणाऱ्यासाठी कमी रिकॉइलचा लोड हवाच असेल तर त्यासाठी खास डेटा असतो, हॉजडनने एच४८९५ साठी तो दिलाय, त्यांच्या मॅक्झिममच्या ६० टक्क्यांपर्यंत खाली येता येतं. हा नियम त्याच पावडरचा, दुसऱ्या कुठल्याही पावडरला लावायचा नाही.

एक गोष्ट बदलली की परत खाली यायचं. बुलेट त्याच वजनाची पण दुसऱ्या कंपनीची, खाली या. तांब्याची घेतली, खाली या आणि तिचाच डेटा वापरा, कारण ती लांब असल्याने केसमधली जागा खाते आणि बॅरलमध्ये वेगळी घासते. प्रायमर साधा होता, मॅग्नम लावला, खाली या. पावडर तीच पण नवा लॉट, थोडं खाली या. केस बदलली तरीही, विशेषतः लष्करी केस जाड असतात, आत जागा कमी, म्हणून तोच चार्ज जास्त प्रेशर देतो. मॅग्नम प्रायमर बॉल पावडरला आणि मोठ्या मॅग्नम केसला किंवा कडक थंडीला लागतो, बाकी वेळी मॅन्युअलने जो वापरलाय तोच वापरा.

सातवी पायरी: बुलेट किती आत बसवायची

हे थोडक्यात. काडतुसाची एकूण लांबी मॅगझिनमध्ये मावली पाहिजे आणि बुलेट रायफलिंगला (बॅरलमधल्या पिळांना) टेकता कामा नये. टेकली तर प्रेशर वाढतं, आणि शिकारीत काडतूस काढताना बुलेट बॅरलमध्ये अडकून पावडर अ‍ॅक्शनमध्ये सांडू शकते. मॅन्युअलच्या लांबीने सुरू करा. साध्या बुलेट रायफलिंगपासून ०.०२० इंच मागे बऱ्याचदा छान चालतात, तांब्याच्या बुलेटला ०.०५० किंवा जास्त अंतर आवडतं. आधी चार्ज ठरवा, मग लांबीत खेळा, दोन्ही एकदम नको.

टेबलावरची शिस्त

टेबलावर एका वेळी एकच पावडर. दुसरा डबा कपाटात, बंद. मेजरच्या हॉपरमध्ये (वरच्या भांड्यात) पावडर भरली की त्याचा डबा शेजारीच ठेवायचा म्हणजे काय भरलंय ते समोर दिसतं, आणि काम संपलं की लगेच उरलेली पावडर मूळ डब्यात. हॉपरमध्ये रात्रभर ठेवलेली आणि सकाळी ओळखू न आलेली पावडर कुठली असेल याचा अंदाज करायचा नाही, ती बाद. दोन पावडर कधीही एकत्र करायच्या नाहीत. डबे थंड, कोरड्या जागी, मूळ डब्यातच, मुलांपासून लांब. डबा उघडल्यावर आंबट झोंबणारा वास आला किंवा आत गंजासारखी लालसर धूळ दिसली तर पावडर खराब झालीये, वापरू नका. भरताना फोन बाजूला, टीव्ही बंद, आणि बुलेट बसवायच्या आधी सगळ्या केस ब्लॉकमध्ये उभ्या करून टॉर्चने आत बघा, सगळ्यांची पातळी सारखी हवी. एखादी रिकामी राहिली तर नुसता प्रायमर बुलेटला बॅरलमध्ये अडकवून ठेवतो आणि पुढची गोळी बॅरल फोडते. चाप ओढल्यावर नेहमीपेक्षा हलका आवाज आला तर थांबा, बोल्ट काढा आणि बॅरलमधून आरपार उजेड दिसतो का बघा.

शिकारीला नेण्याआधी

अचूकतेच्या मागे फार लागू नका. ज्या अंतरावर तुम्ही प्रत्यक्ष गोळी चालवणार तिथे प्राण्याच्या हृदय-फुप्फुसाच्या जागेत प्रत्येक गोळी आरामात बसत असेल तर लोड झाला. अर्ध्या इंचाच्या ग्रुपसाठी (सगळ्या गोळ्या अर्ध्या इंचात बसाव्यात म्हणून) पावडर बदलत बसण्यापेक्षा तीच पावडर आणि बुलेट ठेवून उभं राहून, गुडघ्यावर बसून, काठीच्या आधाराने मारायचा सराव करा, त्याचा फायदा किती तरी जास्त.

शिकारीसाठी भरलेलं प्रत्येक काडतूस रेंजवर, रायफलचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवून, मॅगझिनमधून चेंबरमध्ये घालून बाहेर काढून बघा, अडकणारं एखादं तिथेच कळू दे. झीरो (नेम धरला तिथेच गोळी लागते का हे) नेहमी थंड बॅरलच्या पहिल्या गोळीवरून तपासा, कारण शिकारीत तीच गोळी मोजली जाते. आणि डब्यावर चिकटपट्टी लावून लिहा: तारीख, कुठली रायफल, केस कुठल्या कंपनीची आणि कितव्यांदा भरलेली, प्रायमर, पावडरचं पूर्ण नाव आणि लॉट नंबर, चार्ज, बुलेटचं नाव आणि वजन, एकूण लांबी, क्रोनोग्राफचा स्पीड आणि त्या दिवशीचं तापमान. हेच वहीतही उतरवा. दुसऱ्या रायफलमध्ये, कॅलिबर तेच असलं तरी, हा डबा वापरायचा नाही, तिचा लोड स्टार्टपासून वेगळा बसवायचा.